करभार आणि दामाजीपंतांची पावती

पगारपत्रकावरील प्राप्तिकराची वजावट पाहून कपाळाला आठ्या घालणारा गृहस्थ बहुधा रकमेवर रुष्ट नसतो. आपले द्रव्य कोणत्या कामी खर्ची पडले याचा जाब कुणाकडे मागावा, हेच त्याला उमगत नसते. मनुस्मृतीने राजाला धान्याचा षष्ठांशही दिला. परंतु रक्षण न करता तो वसूल करणाऱ्याच्या माथी प्रजेचे पापही घातले. मग राज्यकर्ता उधळ्या निघाल्यास प्रजेनेही हात आखडावा काय? गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर नाकारून अमेरिकन तत्त्वज्ञ थोरोने 1846 साली एक रात्र तुरुंगात काढली. कर मात्र दुसऱ्याच कुणी भरून टाकला. (तत्त्वज्ञांना असे हितचिंतक लाभतात!)

मला मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा अधिक अवघड वाटते. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची कोठारे उपाशी रयतेला खुली केली, आणि कथेतला विठ्ठल विठू महाराच्या वेषाने दरबारात जाऊन, धान्याची किंमत चुकती करून, रीतसर पावती घेऊन आला. धान्य रयतेच्याच घामाचे होते. तरीही सरकारी खजिना मूळचा लोकांचाच, हा युक्तिवाद प्रत्यक्ष देवानेही केला नाही. त्या पैशाचे बादशहाने पुढे काय केले, हे सांगण्याची गरज कथेला वाटलेली नाही.