वाफसा

गॅलरीतला कढीपत्ता गेला. आधी पानं पिवळी पडली, मग झाडानं माना टाकल्या. मला वाटलं, तहानलंय. म्हणून सकाळच्या तांब्याच्या जोडीला संध्याकाळचाही सुरू केला. आठवड्यात काड्या उरल्या. ‘तुझ्या हाताला गुणच नाही,’ आई म्हणाली. विषय तिथंच मिटला असता.

कुंडी रिकामी करायला उपडी केली, तेव्हा गड्डा अख्खा बाहेर आला. वरची दोन बोटं माती कोरडी, खाली नुसता चिखल, त्याला गटाराचा वास. मुळं काळी पडलेली. चिमटीत धरून ओढली तर साल निसटून आली आणि मागं दोऱ्याएवढा तंतू राहिला. तळाच्या भोकावर मीच ठेवलेली खापरी बूच मारल्यासारखी घट्ट बसली होती.

मुळांनाही श्वास लागतो. मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवा मिळत नाही, मुळं कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. त्यामुळे चिखलात उभं असलेलं झाड दुष्काळातल्या झाडासारखंच सुकतं. दुखणी दोन, एकमेकांच्या उलट, लक्षण एकच. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळचं ते पाणी झाडानं मागितलंच नव्हतं. काहीतरी केल्याचं समाधान मला हवं होतं.

या दोन्हींच्या मधल्या स्थितीसाठी शेतकऱ्याकडे नेमका शब्द आहे: वाफसा. मातीत ओलही आहे आणि हवाही खेळतेय, अशी अवस्था. ‘वाफसा येताच पेरणी करावी’ हे रेडिओवर लहानपणापासून ऐकत आलोय. आपल्या बारा इंची कुंडीलाही वाफसा लागतो, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही. अर्थात शब्द माहीत असून भागतं असंही नाही. सांगली-कोल्हापूरकडे काळ्या रानात उसाला पाटानं पाणी पाजत राहिल्यामुळे हजारो एकर जमीन क्षारपड झाली. निचरा नाही, भूजल वर आलं, सोबत क्षार आले, वावरावर पांढरा थर बसला. ज्या रानात पाणी आणायला कर्ज काढलं, तिथलंच पाणी काढून टाकायला आता जमिनीत सच्छिद्र पाइप पुरावे लागतात. शेतकऱ्याला हसू नये. रात्री कधीतरी वीज येणार म्हटल्यावर मोटर चालू ठेवून माणूस झोपणारच.

हाताच्या गुणाचं म्हणाल, तर शेजारच्या काकूंनी काडी खोचली तरी फुटते. त्यांना विचारलं, तर त्यांनी आधी गेलेली झाडंच मोजून दाखवली: तीन मोगरे, एक लिंबू, तुळशी तर किती तरी. प्रत्येक कशानं गेलं, हेही त्यांना पाठ होतं. आमच्याकडेही याआधी बरीच झाडं मेली, पण का मेली ते एकाचंही सांगता येत नाही.

तुमच्याकडे एखादं झाड गेलं, तर कुंडी तशीच कचऱ्यात टाकू नका. गड्डा बाहेर काढून मुळं बघा, वास घ्या.