खडकावरचे हिम

शास्त्रभाग : यिर्मया 18:13-17, उत्पत्ति 26:15-22



लबानोनावरील हिमाचा दाखला देऊन यिर्मया संदेष्टा आपल्या लोकांना लाज आणतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की, डोंगरावरचे हिमदेखील आपली जागा सोडीत नाही, आणि तुम्ही मात्र आपल्या देवाला विसरून आडवाटेला लागलात. हिम सरेल अशी शंका त्या काळी कोणाला येण्याचे कारणच नव्हते. म्हणूनच तो दाखला ऐकणाऱ्यांच्या काळजाला भिडला असेल. आपल्या बिदर-कलबुर्गीकडे हिम कोणी पाहिले आहे? इकडे बर्फ म्हणजे लग्नातल्या सरबताची लादी. त्यामुळे हा शास्त्रभाग आपण वाचतो आणि सहज पुढे जातो.

परंतु भालकी तालुक्यातील आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या भगिनीने हे हिम पाहिले. आम्ही सर्व त्यांना आक्का म्हणतो. 1972 च्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली ही बाई. त्यांचा मुलगा नॉर्वे देशी नोकरीस आहे. आईला सत्तर वर्षे पूर्ण होतात म्हणून त्याने त्यांना तिकडे नेले, आणि वाढदिवसाच्या दिवशी निगार्ड्सब्रेन नावाची हिमनदी दाखविली. हिमनदी म्हणजे डोंगरावर वर्षानुवर्षे साचून दगडासारखा झालेला बर्फ. तो आपल्याच भाराने दरीत हळूहळू सरकत येतो. युरोपच्या मुख्य भूमीवरील सर्वांत मोठा असा जो योस्तेदाल्सब्रेन नावाचा हिमसाठा आहे, त्याचाच हा एक फाटा. आधी एक तळे नावेने ओलांडायचे, मग उघड्या गुळगुळीत खडकावरून पायी चढायचे. तळ्याचे पाणी दुधात हिरवा रंग कालवल्यासारखे, कारण बर्फ खाली सरकताना खडक दळतो आणि ते पीठ पाण्यात उतरते. आक्का म्हणाल्या, “जात्यासारखंच की हे!” बर्फाच्या कडा कोसळतात म्हणून फार जवळ जाऊ देत नाहीत. त्यांनी समोरच्या खडकावर बसून घरून नेलेली कडक भाकरी व शेंगाचटणी खाल्ली आणि प्रार्थना केली.

पण उठण्यापूर्वी मुलाने सांगितले, “आई, तुझा जन्म झाला तेव्हा आपण नावेतून आलो त्या तळ्याच्या वरच्या भागात पाणी नव्हतं, बर्फच होता.” हे खरे आहे. ते तळेच गेल्या शतकात बर्फ मागे हटल्यामुळे उघडे पडले. एका बाईच्या आयुष्याएवढ्या काळात हिमाने खडक सोडला!

याच हिमनदीने एके काळी लोकांना रडविले होते. 1740 च्या दशकात ती खाली सरकत आली आणि निगार्ड नावाची शेतीवाडी तिने गिळली. त्या वाडीचेच नाव तिला राहिले आहे. तेथील पाळक मातियास फॉस यांनी ही हकिकत लिहून ठेवली. 1748 साली ती सर्वांत पुढे आली होती, आणि त्या वेळी तिने लोटलेल्या दगडगोट्यांचा बांध आज बर्फापासून कित्येक किलोमीटर खाली दिसतो.

स्वित्झर्लंडमध्येही असेच झाले. तेथील फिश व फिशरताल गावांच्या रोमन कॅथलिक लोकांनी 1678 साली देवाला नवस केला. आलेच हिमनदी वाढू नये, तिच्यामुळे येणारे पूर थांबावेत, यासाठी ते पिढ्यान्‌पिढ्या प्रार्थना करीत आले. पुढे हिमनदी इतकी आटू लागली की तो नवस बदलण्यासाठी त्यांनी पोपसाहेबांकडे विनंती केली. 2010 साली संमती मिळाली. आता ते हिमनदी वाचावी म्हणून प्रार्थना करतात.

मग यिर्मयाचा दाखला खोटा ठरला काय? मला तसे वाटत नाही. त्या काळी वाट सोडली होती ती माणसाने. हिम आपल्या जागी होते. आज माणसाने कोळसा व तेल जाळून हवा इतकी तापविली आहे की त्यापायी हिमालाही आपली जागा सोडावी लागत आहे. आक्कांनी परत आल्यावर आम्हांला सरळ सांगितले, “पोराचा पगार तेलाच्या कंपनीतून येतो, माझं तिकीटही त्यातूनच.” त्यांनी हे लपविले नाही, आणि आपणही आपल्या मोटारी व विजेच्या दिव्यांखाली बसून नॉर्वेकरांना नावे ठेवू नयेत.

काही बंधू म्हणतात, आकाश व पृथ्वी नाहीशी होणारच आहेत, मग बर्फासाठी शोक कशाला? हे बोलणे मला भाड्याच्या घराचे वासे चुलीत घालणाऱ्या बिऱ्हाडकरूचे वाटते. घरमालक परत येणार आहे हे त्याला ठाऊक असते, तरी तो तसे वागतो.

आपल्याकडे हिमाचा साठा नाही. मांजरा नदी पावसावर जगते. पाऊस फिरला की काय होते ते 2016 च्या एप्रिलमध्ये दिसले. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पण जुन्या लोकांनी आपल्यासाठीही भांडार करून ठेवले होते. बिदरजवळ नौबादला बहामनी काळातील सुरंग बावडी आहे. जांभ्या दगडातून खणलेला जमिनीखालचा बोगदा, आणि त्यावर जागोजाग उभी विवरे. कित्येक विवरे गाळाने व कचऱ्याने बुजली होती. 2015 च्या सुमारास ती उपसण्याचे काम झाले आणि आत पाणी दिसले. इसहाकानेही हेच केले. बापाच्या काळच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजविल्या होत्या, त्या त्याने पुन्हा खणल्या, आणि बापाने ठेवलेली नावेच त्यांना दिली. भांडण झाले तेथून तो पुढे सरकला व पुन्हा खणीत राहिला.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. वाढदिवसाचे मूल आपल्या वयाइतकी नाणी डब्यात टाकते तेव्हा आपण टाळ्या वाजवितो व आशीर्वाद मागतो. त्याच दिवशी त्याला एवढेही विचारावे, तुझ्या घरचे पाणी कोठून येते, ती विहीर कोणी खणली? मुलाला सांगता आले नाही, तर पुढच्या रविवारी आजोबांना विचारून ये म्हणावे. आक्कांनी परतल्यावर सत्तर रुपये डब्यात टाकले आणि पंच मंडळीला विचारले, मंदिरामागचा आड किती वर्षांत उपसला नाही? कोणालाच सांगता येईना. येत्या शनिवारी तरुण संघाने दोर, घमेली व पाट्या घेऊन यावे असे ठरले आहे.