चित्राची किंमत कुणी सांगायची?

प्रश्न साधा दिसतो, पण आहे अवघड. वस्तीतलं एखादं पोरगं चित्रं काढतं. हात चांगला आहे. ते म्हणतं, दाभडच्या धम्म परिषदेला, नाहीतर माळेगावच्या यात्रेत, नाहीतर लातुरात गंजगोलाईला एक चादर अंथरतो, चित्रं मांडतो आणि विकतो. लगेच दोन्हीकडून आवाज येतात. एक म्हणतो, "बाबासाहेब विकतोस काय रे?" दुसरा म्हणतो, "एवढ्याशा चित्राला सहाशे रुपये? आपल्याच माणसाला लुटतो?" पोरगं गप्प बसतं. चित्रं गुंडाळतं आणि दुसऱ्या दिवशी बांधकामावर जातं.

ह्या गप्प बसण्याचा विचार केला पाहिजे. ते एकट्या त्याचं नाही. त्याच्या मागं हजार वर्षं उभी आहेत.

गावगाड्यात आपल्या बापजाद्यांनी काय कमी वस्तू केल्या? दोर वळले, केरसुण्या बांधल्या, चामडं कमावलं, हलगी मढवली आणि वाजवली. पण आपल्या वस्तूची किंमत आपल्या तोंडानं सांगायचा अधिकार त्यांना कधी होता का? बलुतं म्हणून खळ्यावर जे पडेल ते पदरात घ्यायचं. किती, ते देणारा ठरवणार. वर आणखी हात पुढं केला म्हणून 'मागता' ही शिवी. कामाची किंमत काम करणाऱ्यानं नाही, काम करून घेणाऱ्यानं ठरवायची, हे बलुतेदारीचं मूळ सूत्र होतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते ह्याच सूत्रावर घाव घालायला. तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तो तिथंच होता. मुंबईच्या कायद्याचा वारा इकडं पोचत नव्हता, वेठ मात्र पोचली होती.

म्हणून सांगतो, भर यात्रेत जमिनीवर बसून, समोरच्याच्या डोळ्यात बघून "ह्याचे सहाशे" असं म्हणणं ही नुसती दुकानदारी नाही. बलुतेदारीनं जे तोंड बंद केलं होतं ते तोंड उघडणं आहे.

आता पहिल्या आवाजाकडं वळू. तो हलका नाही. तो म्हणतो, ज्या माणसानं आपल्याला माणूस केलं त्याच्या चेहऱ्यावर पैसा कमवायचा, ही कृतघ्नता आहे. हे बोलणाऱ्याच्या मनात प्रेम आहे, त्याला हसू नये. पण त्याला विचारावं, 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० ला निघालं तेव्हा त्याला वर्गणी होती की नव्हती? होती. 'बहिष्कृत भारता'त १९२८ साली बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' असा अग्रलेख लिहिला. विचार अमोल आहे म्हणून कागद फुकट येत नाही, छापणारा फुकट राबत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर माणसं पोटाला चिमटा घेऊन पुस्तकं विकत घेतात. त्या पुस्तकविक्याला आपण कृतघ्न म्हणतो का? उलट त्याला चळवळीचा माणूस म्हणतो. मग चित्रवाल्यानंच काय पाप केलं?

पण इथं एक फरक करावाच लागतो. विकतोस काय? मेहनत, का श्रद्धा? हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. तू बैलाचं चित्र काढलंस, त्याला दोन दिवस लागले. बाबासाहेबांचं काढलंस, त्यालाही दोन दिवस लागले. कागद तोच, रंग तोच. दोन्हीला सारखेच पैसे सांगत असशील तर तू मेहनत विकतोस. खुशाल विक, मान वर करून विक. पण बाबासाहेबांच्या चित्राला दुप्पट सांगत असशील, कारण समोरची म्हातारी ते घेतल्याशिवाय परत जाणार नाही हे तुला ठाऊक आहे, तर ती वरची रक्कम तुझ्या हाताची नाही. ती तिच्या डोळ्यातल्या पाण्याची आहे. ती घेतलीस तर तुझ्यात आणि दक्षिणा उपटणाऱ्यात फरक उरत नाही. हीच कसोटी हुतात्म्यांच्या चित्रांनाही लाव. नामांतराच्या लढ्यात १९७८ साली मारले गेलेले टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे, १९९३ साली नांदेडात स्वतःला जाळून घेणारे गौतम वाघमारे, ह्यांची चित्रं काढ. जरूर काढ, कारण नवी पोरं त्यांचे चेहरे विसरत चालली आहेत. पण त्यांच्या राखेवर भाव वाढवू नकोस.

आता दुसरा आवाज. "आपल्याच माणसाला लुटतो का?" ह्याला उत्तर भाषणानं नाही, हिशेबानं द्यावं. समजा तू दहा चित्रं केलीस. कागद, रंग, पुठ्ठा, काच, चौकट मिळून बाराशे रुपये गेले. एसटीनं जाणं-येणं दोनशे. तहबाजारीची पावती आणि दोन दिवसांचं खाणं दोनशे. झाले सोळाशे. चित्रांना दहा दिवस लागले आणि मैदानावर बसायला दोन. बारा दिवसांची चारशे रुपयांप्रमाणं मजुरी धरली तर अठ्ठेचाळीसशे. एकूण चौसष्टशे, म्हणजे एका चित्राला सहाशे चाळीस. 'सहाशे' म्हणणारं पोरगं लुटत नव्हतं, चाळीस रुपये पदरचेच घालत होतं. आता लोकांच्या तोंडाला भिऊन ते तू दोनशेला दिलंस आणि दहातली सहा खपली, तर हातात आले बाराशे. तुझ्या रोख सोळाशेतले चारशे बुडाले आणि बारा दिवसांची मजुरी शून्य. म्हणजे तू वेठ केलीस. कुणी पाटलानं करायला लावली नाही, स्वतःच स्वतःकडून करून घेतलीस.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. समोर जी बाई उभी आहे ती सोयाबीन काढून आली आहे. सहाशे चाळीस म्हणजे तिचीही दोन-तीन दिवसांची मजुरी. तिच्या घरातली भिंत कोरी का राहावी? तुझी मजुरी खरी, तिचीही खरी. मग कुणी हार मानायची?

कुणीच नाही. वस्तू लहान कर, मेहनत स्वस्त करू नकोस. लिनोचा एक ठसा कोर. चार दिवस लागू देत. त्यावरून शंभर प्रती निघतात आणि तुझे चार दिवस शंभर जणांत वाटले जातात. मग तीस-चाळीस रुपयांत अस्सल हातकाम तिच्या घरी जातं आणि तुझी मजुरीही बुडत नाही. सायक्लोस्टाईलवर अंक काढणाऱ्या आपल्या आधीच्या पिढीला हा हिशेब पाठ होता. स्टेन्सिल एक, वाचणारे शेकडो. गरिबाला परवडावं म्हणून गरिबानंच मरायचं, हा काही समतेचा मार्ग नव्हे.

आणि द्यावंसं वाटलं तर दे. एखाद्या लेकराला, एखाद्या विहाराला चित्र जरूर दे. पण दान आणि वेठ ह्यांत गल्लत करू नकोस. 'नाही' म्हणता येत असताना दिलं तर ते दान. 'नाही' म्हणायची सोयच नसताना दिलं तर ती वेठ. चित्र तेच, हात तोच, पण एकात तू माणूस आहेस आणि दुसऱ्यात गडी.

इथं कार्यकर्त्यांशी थोडं कडू बोलायचं आहे. १४ एप्रिलच्या खर्चाची वही उघडून बघा. मंडपवाल्याला पैसे, साऊंडवाल्याला पैसे, पाहुण्यांच्या गाडीला पैसे. आणि पंधरा दिवस रात्री जागून ज्यानं देखावा रंगवला त्याला? चहा, आणि "हा आपलाच पोरगा आहे". आपला आहे म्हणूनच फुकट? ही कुठल्या गावगाड्याची भाषा आहे, जरा आठवून बघा. फ्लेक्सच्या मशीननं भिंती रंगवणाऱ्या पेंटरांचं पोट मारलं, हे आपण हळहळून सांगतो. पण मशीनवाल्याचं बिल मुकाट चुकतं करतो आणि हातानं रंगवणाऱ्याशी मात्र घासाघीस करतो. ही हळहळ खोटी आहे.

आता राहिला सगळ्यात अडचणीचा प्रश्न. काय काढायचं? माळेगावला यात्रा खंडोबाची. तिथं खंडोबाचं चित्र हातोहात जाईल. गणपतीच्या दिवसांत मूर्ती रंगवायला रोज मिळेल. १९५६ साली नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत गौरी-गणपतीला देव मानणार नाही, पूजणार नाही, असं आपण म्हटलंय. 'मी पूजत कुठं आहे, रंगवतोय फक्त', असं कुणी म्हणेल. ज्याच्या घरात आज चूल पेटायची आहे त्याला खुर्चीत बसून दोष देणारा मी नव्हे. पण भगवान बुद्धानं सम्यक आजीव सांगितला, तेव्हा काय पाहिलं? शस्त्र, जिवंत प्राणी, मांस, मद्य आणि विष, हे पाच व्यापार वर्ज्य केले. म्हणजे विकणाऱ्याच्या मनात काय आहे एवढंच बघितलं नाही. विकलेली वस्तू पुढं जाऊन काय करते, हेही बघितलं. तोच प्रश्न आपल्या चित्राला विचारावा. हे ज्या घरात टांगलं जाईल त्या घरातला माणूस त्याच्यापुढं वाकेल, का ताठ उभा राहील? आणि हा प्रश्न बाबासाहेबांच्या चित्रालाही लागू आहे. त्याच्याही पुढं नुसती उदबत्ती लागत असेल आणि पुस्तक उघडत नसेल, तर दोष एकट्या खंडोबावाल्याला देता येणार नाही.

एक पथ्य मात्र पाळलंच पाहिजे. दुसऱ्याचं चित्र, दुसऱ्यानं काढलेला फोटो यंत्रावर छापायचा, वर दोन फटकारे मारायचे आणि 'हातानं काढलंय' म्हणून विकायचं, हे चौथ्या शीलाचा भंग आहे आणि दुसऱ्याच्या श्रमाची चोरीही आहे. छापील असेल तर छापील सांग. मागच्या बाजूला आपलं नाव आणि साल लिही. आपल्या बापजाद्यांच्या एकाही वस्तूवर त्यांचं नाव नाही, हे विसरू नकोस.

मुंबईत जहांगीर कलादालन १९५२ साली उभं राहिलं, आणि त्याच्याच बाहेर फूटपाथवर चित्रकार चित्रं मांडू लागले. आतल्या भिंतीला दार असतं, फूटपाथला नसतं. आपल्या मैदानांचंही तसंच. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथून हमाल जातो, शाळेतली पोरगी जाते, ज्यांनी आयुष्यात कलादालनाची पायरी पाहिली नाही ते सगळे जातात. पण मैदान उघडं आहे म्हणून मनं उघडी असतात असं नाही. चित्र आवडलेला माणूस आधी 'छान काढलंय' म्हणेल आणि मग हळूच विचारेल, 'आडनाव काय तुमचं?' तेव्हा आडनाव सांग. चाचरू नकोस. आणि त्याच आवाजात, त्याच दमात किंमतही सांग. आडनाव ऐकून त्यानं चित्र खाली ठेवलं तर ठेवू दे. आडनाव ऐकून त्यानं भाव पाडून मागितलं तर देऊ नकोस. आणि आपल्यातलाच कुणी 'जय भीम' म्हणून फुकट मागायला आला, तर त्याला जय भीम म्हण, पाणी पाज, आणि किंमत पुन्हा एकदा सांग.