कुंपणाचा सातवा खांब (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६)

दोन दिवस पोस्ट नव्हती, कारण मागच्या अंगणात लाकडी कुंपण घालत होतो. कंत्राटदाराचा आकडा ऐकला आणि म्हटलं, आपण इंजिनिअर आहोत, खांब तर पुरायचेत. (सॉफ्टवेअर इंजिनिअर. हा तपशील तेव्हा महत्त्वाचा वाटला नाही.)

इथे ऑस्टिनकडे खणण्याआधी ८११ ला कळवावं लागतं. माणसं येऊन गॅसच्या पाइपवर पिवळी, विजेच्या केबलवर लाल खूण करून जातात, तीही फुकट. मग दोरी ताणली, दर आठ फुटांवर अडीच फूट खोल खड्डा. थोडी माती गेली की खाली चुनखडी लागते, पहार मारली की मनगटापर्यंत झिणझिण्या. तळाला सहा इंच खडी, म्हणजे पाणी निचरतं आणि लाकूड लवकर कुजत नाही. त्यावर आठ फुटी खांब ओळंब्यात उभा करायचा, टेकू लावायचे, भोवती कोरडं काँक्रीट ओतून वर पाणी. अर्ध्या-पाऊण तासात घट्ट.

सहा खांब सरळ उभे राहिले. साताऱ्याला बाबांना फोटो पाठवले, खाली लिहिलं, ‘एकट्याने केलं.’ सातवा लावून जेवायला गेलो. परत येतो तर तो दोन बोटं घराकडे कललेला आणि काँक्रीट बसलेलं. माझा मुलगा सात वर्षांचा, सकाळपासून घमेल्यातून खडी आणून देत होता, तोच खांबापाशी उभा. काही न विचारता ओरडलो, “तुला कुणी बोलावलं होतं इथे?” तो काही बोलला नाही. घमेलं खाली ठेवलं आणि आत गेला.

रात्री नेमाप्रमाणे अठरावा अध्याय उघडला, तर नेमके हेच श्लोक. कोणत्याही कर्माची भगवंत पाच कारणं सांगतात: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. फक्त स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याची बुद्धी अजून घडलेली नाही, असंही म्हणतात. आजवर मी हे यशाच्या गर्वावरचं औषध म्हणून वाचत आलो. पण पंधराव्या श्लोकात योग्य आणि अयोग्य, दोन्ही कर्मं आहेत. सहा सरळ खांबांच्या हिशेबात मी एकटाच होतो. खुणा करणारी माणसं नाहीत, खडी आणणारा पोरगा नाही. आणि सातव्याच्या हिशेबात मी कुठेच नव्हतो!

टॉर्च घेऊन बाहेर गेलो. बाकी खांबांना दोन-दोन टेकू होते. सातव्याला भुकेच्या घाईत मी एकच लावला होता, आणि ज्या बाजूला तो नव्हता तिकडेच खांब कलला होता. ऑफिसात गिट ब्लेम चालवावं आणि आपलंच नाव यावं, तसं झालं.

कुणी विचारेल, कारणं पाच, म्हणजे माझी जबाबदारी एक पंचमांश का? मला तसं वाटत नाही. पाचांच्या यादीत कर्ता आहेच, तो वगळलेला नाही. आणि टेकू ठोकणारा हात काही दैवाचा नव्हता.

सकाळी मुलाला सांगितलं, “टेकू मीच कमी लावला होता. तुझ्यावर ओरडलो ते चुकलं.” त्याने थोडा वेळ दूध ढवळलं. मग विचारलं, “मग आता खांब काढायचा?”

काँक्रीटचा गोळा पहारीने फोडायला तीन तास गेले. या वेळी ओळंबा त्याने धरला होता. उद्या सतरावा श्लोक.