शेजारची रिकामी जागा

शिरूरला आगगाडी नाही. घोडनदी आहे, बाजारपेठ आहे, पुण्याहून नगरकडे जाणारा हमरस्ता आहे; पण रूळ नाहीत. त्यामुळे आम्हा शिरूरकरांच्या प्रत्येक रेल्वेप्रवासाचा पहिला टप्पा एस.टी.चाच असतो. न्हावरे मागे टाकायचे, चौफुल्याला सोलापूर रस्ता गाठायचा आणि तिथून अंगावरची धूळ झटकत दौंड. ज्याच्या दारावरून गाडी जाते त्याला तिचे कौतुक नसते. आम्हाला मात्र दौंडचा फलाट दिसला की आता आपण खरोखरच परगावी निघालो असे वाटू लागते. भीमेकाठचे हे गाव १८७८ साली मनमाडचा रूळ येऊन मिळाला आणि जंक्शन झाले. दिवसा तिथे पाहण्यासारखे फारसे काही नाही. पण रात्री एखादी गाडी सोलापूरच्या अंगाने येते, एखादी पुण्याकडून येते, चादरी पांघरून माणसे फलाटावर पसरलेली असतात, आणि सारा देशच कुठे तरी निघाला आहे, आपणही त्यातलेच एक आहो, असा एक सुखद भास होतो.

या भासात मी अर्धे आयुष्य काढले. रात्रीच्या प्रवासाचे शास्त्र आपल्याला पाठ आहे, असा माझा समज होता. तो यंदाच्या एप्रिलात ढळला. आमची मुलगी व्हिएन्नाला असते. सप्टेंबरात आम्ही दोघे तिच्याकडे जाणार होतो, आणि तिथून एका रात्रीत व्हेनिसला जायचे असा बेत ठरला होता. युरोपात रात्रीच्या गाड्या मधल्या काळात बऱ्याच बंद पडल्या. जर्मन रेल्वेने २०१६ च्या डिसेंबरात आपल्या रात्रीच्या गाड्या सोडून दिल्या, तेव्हा त्यांतल्या काही ऑस्ट्रियाच्या रेल्वेने उचलल्या आणि ‘नाइटजेट’ या नावाने चालवल्या. अशाच एका गाडीत आमच्यासाठी जागा राखायची होती.

मुलगी तिकडे संगणकापुढे, आम्ही इकडे फोनपुढे. आमच्याकडे रात्रीचे साडेनऊ, तिच्याकडे संध्याकाळचे सहा. ती एकेक प्रकार वाचून दाखवू लागली. बसून जायचे असेल तर साधी खुर्ची, सर्वांत स्वस्त. त्याच्या वर चार किंवा सहा जणांचा निजायचा डबा : उशी, चादर, पांघरूण आणि सकाळी पाव आणि चहाकॉफी. त्याच्याही वर खरा शयनकक्ष, आत हात धुवायला बेसिन. एकट्या बायकांसाठी वेगळी खोली. आणि जशा जागा भरत जातात तसे भाडेही चढत जाते. म्हणून जो आधी ठरवील त्याचे पैसे वाचतील. इथपर्यंत सारे आमच्या अंगवळणी पडण्यासारखे होते. पण मग ती म्हणाली, “आणि बाबा, आणखी एक सोय आहे. जास्त पैसे भरले तर अख्खी खोली तुमच्या दोघांचीच. बाकीच्या जागा रिकाम्या ठेवतात. दुसरं कुणी येत नाही.”

मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, “तेच घे.”

परका देश, परकी भाषा, पत्नीचे दुखरे गुडघे, पोटाशी बांधलेले पासपोर्ट. कारणांना तोटा नव्हता. मुलगी थोडे थांबून म्हणाली, “घेते की. नियमातच आहे. फक्त सप्टेंबरात ती गाडी भरून जाते. मग दुसऱ्या कुणी दोघं राहतील, एवढंच.”

पत्नी इतका वेळ शेंगा सोलीत बसली होती. तिने वर न पाहताच म्हटले, “म्हणजे दौंडसारखंच करायचं म्हणा की.”

मी चमकलो. मला वाटत होते, दौंडची ती गोष्ट एकट्या मलाच आठवते.

ती गोष्ट १९८९ सालची. आम्ही उत्तरेच्या यात्रेला निघालो होतो. बरोबर सासूसासरे येणार होते, म्हणून मी चार जागा राखल्या होत्या. त्यासाठी शाळेतून एक दिवस रजा काढून दौंडला गेलो, रांगेत उभा राहिलो, फॉर्मवर चौघांची वये लिहिली. निघायच्या चार दिवस आधी सासरे तापाने पडले. दोन तिकिटे रद्द करायची तर पुन्हा दौंडची खेप, पुन्हा रजा. आणि कापून हाती येणार ते किती? शिवाय मनाच्या तळाशी आणखी एक हिशेब होता, तो त्या वेळी मी स्वतःलाही नीट सांगितला नाही. चार जागा असल्या की पाय पसरून जाता येईल.

गाडी आली तेव्हा मध्यरात्र होत आली होती. डबा गच्च भरलेला होता. आमच्या समोरच्या दोन जागांवर मी वळकटी, फराळाचा डबा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या मांडून टाकला. तिकीट तपासनीस आले. त्यांनी विचारले, “बाकीचे दोघे?” मी म्हणालो, “नगरला चढणार आहेत.” त्या भल्या माणसाने विश्वास ठेवला. नगर आले आणि गेले. ते पुन्हा आले तेव्हा मी डोळे मिटून पडलो होतो. दाराजवळ वर्तमानपत्र अंथरून एक बाई बसली होती. मांडीवर आठनऊ वर्षांचा मुलगा, त्याचा पाय प्लास्टरमध्ये. येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का त्या पायाला लागू नये म्हणून ती आपला हात त्याच्यापुढे आडवा धरून होती. मनमाडपर्यंत ती तशीच बसली होती. हे मला ठाऊक आहे, कारण मला झोप लागली नव्हती.

आणि आता, इतक्या वर्षांनी, कळले की पत्नीलाही लागली नव्हती.

“तू तेव्हा बोलली का नाहीस?” मी विचारले.

“तुम्ही खोटं बोललात ते साऱ्या डब्यानं ऐकलं होतं. मी उठून तिला जागा दिली असती तर तुम्ही उघडे पडला असतात,” ती म्हणाली. “तेव्हा मला त्या पोराच्या पायापेक्षा तुमची अब्रू मोठी वाटली.”

तुम्ही म्हणाल, या दोन गोष्टींचा संबंध काय? दौंडला मी खोटे बोललो. व्हिएन्नाच्या गाडीत खोटे बोलण्याचे कारणच नव्हते. तिथे रेल्वेच सांगते की एवढे पैसे द्या आणि एकान्त घ्या. विकणारा राजी, घेणारा राजी; मग यात नीतीचा प्रश्न येतो कुठे? मीही त्या रात्री नेमका हाच युक्तिवाद केला. तो चांगला युक्तिवाद आहे. पण उत्तम युक्तिवाद हाती असूनही माणसाला झोप का येत नाही, याचाही कधी तरी विचार केला पाहिजे.

राखीव जागा ही मोठी चमत्कारिक मालमत्ता आहे. घर विकत घेतले की ते उद्याही आपले असते. गाडीतली जागा एका रात्रीपुरती आपली. सकाळी ती नाहीशी होते, आणि कुणी वापरली नसेल तर ती रात्र कुणाच्याच उपयोगी न पडता जाते. न खाल्लेली भाकरी निदान दुसऱ्या दिवशी कुस्करून खाता येते. न निजलेली जागा दुसऱ्या दिवशी निजून काढता येत नाही. मी जादा पैसे देतो तेव्हा रेल्वेचे नुकसान भरून निघते. पण फलाटावर राहिलेल्या माणसाचे? त्याच्याशी माझा व्यवहारच झालेला नसतो. त्याला हेही कळत नाही की कुणामुळे तो राहिला. म्हणूनच हे पाप करणे सोपे जाते.

आपल्याकडे हा रोग जुना आहे. आरक्षण १२० दिवस आधी काढता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आणली गेली. इतक्या आधी काढलेली कितीतरी तिकिटे पुढे रद्द होतात आणि काही प्रवासी तर रद्दही न करता गाडीकडे फिरकत नाहीत, असे रेल्वेने तेव्हा कारण दिले होते. ते वाचताना मी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता. आणि याच रेल्वेने आर.ए.सी. नावाची एक विलक्षण व्यवस्था शोधून काढली आहे. एका बाकावर दोन अनोळखी माणसे, निम्मी निम्मी जागा, गुडघ्याला गुडघा लावून सारी रात्र. त्रास होतो, पण दोघेही पोचतात. एकाने पाय पसरून जावे आणि दुसऱ्याने फलाटावर राहावे, यापेक्षा हे बरे, असे कुणा तरी शहाण्या कारकुनाला वाटले असले पाहिजे.

परदेशातल्या रात्रीच्या प्रवासाचा विषय निघाला की मला एक दुसरी गाडी आठवते. १८९३ च्या जूनमध्ये एक तरुण बॅरिस्टर डर्बनहून प्रिटोरियाला निघाला. त्याच्यासाठी पहिल्या वर्गाची जागा राखली होती. अंथरुणासाठी पाच शिलिंग वेगळे पडत. यजमान अब्दुल्ला शेठ म्हणाले, तेही घ्या. हट्टाने, अभिमानाने आणि पाच शिलिंग वाचवण्यासाठी आपण नाही म्हटले, असे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच कबूल केले आहे. पुढे मॅरित्सबर्गला काय झाले ते शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. रात्री नऊच्या सुमारास एक प्रवासी डब्यात आला, त्याने या काळ्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि अधिकाऱ्यांना बोलावून आणले. तिकीट खिशात असताना गांधीजींना ढकलून उतरवण्यात आले.

आपण ही गोष्ट नेहमी गांधीजींच्या बाजूने वाचतो. त्यांच्याजागी स्वतःला कल्पून संतापतो. या वेळी मी प्रथमच त्या दुसऱ्या प्रवाशाचा विचार केला. त्याच्याकडेही तिकीट असणारच. त्याची जागा कुणी घेतली नव्हती. त्याला हवी होती ती स्वतःची जागा नव्हे, शेजारची रिकामी जागा. नको असलेल्या माणसापासून मोकळी केलेली. तिकीट आपल्या बाकाचे असते. शेजारी कोण असू नये, याचे तिकीट कुठल्याही खिडकीवर मिळू नये, असे मला वाटते. मिळत असले तर निदान आपण ते कशासाठी घेतो आहो, हे स्वतःला विचारून घ्यावे.

मी त्या उद्दाम माणसाच्या रांगेत स्वतःला बसवीत नाही. तेवढी कठोरता मलाही झेपणार नाही. त्याच्या मनात तुच्छता होती, माझ्या मनात भीती होती. एकटी बाई वेगळी खोली मागते तेव्हा ती कुणाला तुच्छ लेखत नसते. अनुभवाने आलेले शहाणपण ती वापरीत असते. आजाऱ्याला एकान्त हवा, तान्ह्या मुलाच्या आईला हवा. त्यांनी जरूर पैसे भरावेत आणि सुखाने झोपावे. प्रश्न माझ्यासारख्यांचा आहे. ज्यांची गरज एवढीशी असते आणि जे तिला कारणांची वळकटी बांधून मोठी करतात. पत्नीच्या गुडघ्यांना खालची जागा हवी होती. ती चौघांच्या खोलीतही मिळण्यासारखी होती. पासपोर्ट पोटाशीच होते. मग राहिले काय? फक्त एवढेच, की अनोळखी माणसाच्या श्वासोच्छ्वासाशेजारी मला झोपायचे नव्हते. ज्याने जन्मभर दौंडचा फलाट पाहिला त्याने असे म्हणावे!

आम्ही चौघांच्या खोलीतल्या दोन जागा राखल्या. वाचलेल्या पैशांचे काय करायचे, यावर मात्र आम्हा दोघांत अजूनही एकमत झालेले नाही.

तो प्रवास झाला. विशेष काही घडले नाही. पत्नी खाली, मी वर. गाडी सुटली तेव्हा दुसऱ्या दोन जागा रिकाम्या होत्या, आणि खोटे कशाला सांगू, त्या तशाच राहाव्यात असे मला वाटून गेले. मग कुठल्याशा स्टेशनावर, अपरात्री, दार हळूच सरकले. पाठीवर पिशव्या घेतलेली दोन तरुण मुले आत आली. त्यांनी दिवा लावला नाही. बूट बाहेरच काढून हातात धरले होते. शिडीच्या पायऱ्यांवर मोजे घातलेली पावले इतकी अलगद पडत होती, की झोपलेल्याला कळूही नये.

मी झोपलो नव्हतो. पण आमची झोपमोड होऊ नये म्हणून एवढे जपणाऱ्या त्या पोरांना मी जागा असल्याचे कशाला दाखवू? म्हणून मी डोळे मिटून पडून राहिलो. असाच मी एकदा नगरच्या पुढेही डोळे मिटून पडलो होतो. थोड्या वेळाने खालून पत्नीचा आवाज आला, अगदी दबका.

“आले का हो ते दोघं?”

“आले,” मी म्हणालो.