बाप्तिस्मा कोणामुळे?

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-40, 1 करिंथ 3:5-9



आजचा उतारा आपल्या ओळखीचा आहे. कूशी अधिकारी रथात बसून यशयाचं पुस्तक वाचतोय. फिलिप्प धावत जातो, वाचलेलं समजतंय का असं विचारतो, रथात बसतो आणि येशूविषयी सांगतो. वाटेत पाणी लागतं. आता जरा थांबून बघा, बाप्तिस्म्याची गोष्ट कोण काढतो? फिलिप्प नाही. तो अधिकारी स्वतःच विचारतो की मला आता काय अडचण आहे? आणि पाण्यातून वर आल्यावर आत्मा फिलिप्पाला उचलून नेतो. शिकवणारा गेला, तरी तो अधिकारी आनंदाने आपल्या वाटेला लागला.

ह्या शेवटच्या गोष्टीवर आज मनन करू या.

शेवटल्या दिवसांतील संतांच्या मंडळीचे, म्हणजे लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या मंडळीचे तरुण मिशनरी जोडीने घरोघरी जातात. मुलगे साधारण दोन वर्षं, मुली दीड वर्ष. कोणीतरी दार उघडतं, आठवड्यामागून आठवडे बोलणं होतं, एकत्र प्रार्थना होते, जीव लागतो. मग एक दिवस तो माणूस पांढरे कपडे घालून पाण्यात उतरतो. मिशनऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. हा आनंद खोटा नाही. पण प्रश्न असा की ह्या माणसाला कोणी आणलं? आणि तो नेमका कोणासाठी पाण्यात उतरला?

ह्या मंडळीच्या सुरुवातीचीच गोष्ट घ्या. 1830 साली जोसेफ स्मिथचा धाकटा भाऊ सॅम्युएल नव्याने छापलेली ‘मॉर्मनचे पुस्तक’ ह्या ग्रंथाची प्रतं घेऊन न्यूयॉर्क राज्यातली गावं पायी फिरत होता. वय अवघं 22. एका खाणावळवाल्याने त्याला बाहेर काढलं आणि ती रात्र त्याने सफरचंदाच्या झाडाखाली काढली, असं त्याच्या आईने लिहून ठेवलंय. दारोदार नकार. हाती काय लागलं म्हणाल, तर जवळजवळ काहीच नाही.

पण एक प्रत फिनिअस यंग नावाच्या माणसाकडे गेली होती. ती घरात हातोहात फिरली आणि त्याच्या धाकट्या भावापर्यंत, ब्रिगहॅमपर्यंत पोचली. हा सुतारकाम, रंगकाम करणारा माणूस. त्याने घाई केली नाही. सुमारे दोन वर्षं तो वाचत राहिला, पारखत राहिला. ह्या पुस्तकावर विश्वास ठेवणारे लोक जगतात कसे, हे बघायला भर थंडीत पेनसिल्व्हेनियाला जाऊन आला. शेवटी एप्रिल 1832 मध्ये एलिझर मिलर ह्या मिशनऱ्याच्या हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. पुढे हाच ब्रिगहॅम यंग 1847 मध्ये आपल्या लोकांना सॉल्ट लेकच्या खोऱ्यात घेऊन गेला.

आता सांगा, श्रेय कोणाचं? पुस्तक दिलं एकाने, ते घरात फिरवलं दुसऱ्याने, पाण्यात उतरवलं तिसऱ्याने. पौल करिंथकरांना हेच समजावतो. एकाने लावलं, अपुल्लोसाने पाणी घातलं, पण वाढ देणारा देवच.

मग कोणी म्हणेल, सगळं देवच करतो तर मिशनऱ्याने जायचं तरी कशाला? तसं नाही. फिलिप्प धावलाच की! रोप लावावंच लागतं. पण लवकर वाढावं म्हणून कोंब धरून ओढला, तर तो उपटून हातात येतो.

असं घडलेलंही आहे. 1960 च्या आसपास ब्रिटनमध्ये काही मिशनऱ्यांवर आकड्यांचा इतका दबाव होता, की बेसबॉल खेळायला येणाऱ्या पोरांना भराभर बाप्तिस्मा दिला गेला. आपण काय करतोय हे कित्येक मुलांना कळलंही नव्हतं. पुढे त्यांतल्या पुष्कळांची नावं मंडळीच्या नोंदीतून काढावी लागली. पाणी तेच होतं, शब्द तेच होते. मन मात्र आलं नव्हतं.

आज ह्या मंडळीत बाप्तिस्म्याआधीची मुलाखत शिकवणारा मिशनरी घेत नाही, दुसरा घेतो. अल्पवयीन मुलासाठी आईवडिलांची परवानगी लागते, लग्न झालेल्याला जोडीदाराची संमती लागते. हे नियम कोरडे वाटतील, पण मला त्यांत प्रीती दिसते. कारण आपल्याकडे ‘नाही’ म्हणणं फार जड जातं. एवढी मुलं ऊनपावसात आपल्यासाठी येतात, त्यांचं मन कसं मोडायचं, म्हणूनही माणूस ‘हो’ म्हणून जातो. तो ‘हो’ देवाला दिलेला नसतो, त्या मुलांना दिलेला असतो. त्यांची बदली झाली की तोही त्यांच्याबरोबर निघून जातो.

आपल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांना आगगाडीत एका अनोळखी प्रवाशाने नवा करार दिला. त्या गृहस्थाचं नावही टिळकांना कळलं नाही. आणि लक्ष्मीबाई? पतीने बाप्तिस्मा घेतल्यावर त्या लगेच मागे गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, विचार केला आणि काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी आल्या. म्हणून त्यांचा विश्वास त्यांचा होता.

तेव्हा प्रियांनो, आपण कोणाला प्रभूविषयी सांगत असू तर आज स्वतःला एवढंच विचारू या. हा माणूस उद्या ‘नाही’ म्हणाला, तरी मी त्याच्या घरी चहाला जाईन का? त्याचं पोर आजारी पडलं तर धावेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर आपली साक्ष निर्मळ आहे. नसेल, तर आधी गुडघे टेकू या.

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, आम्हाला फिलिप्पासारखं धावायला शिकव आणि वेळ आली की बाजूला व्हायलाही शिकव. ज्यांना आम्ही तुझ्याविषयी सांगतो, त्यांचा आनंद आमच्यावर नाही, तुझ्यावर टिकून राहू दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.