दुरुस्ती आणि निष्ठा

गेल्या फाल्गुनात आम्ही गोंदियास गेलो असता एका घरगुती वादात आम्हांस पंच व्हावे लागले. पंचाचे काम एरवीही सुखाचे नसते. त्यातून दोन्ही पक्ष प्रामाणिक असले म्हणजे निकाल कोणताही द्या, कोणाच्या तरी चांगुलपणावर अन्याय हा व्हावयाचाच. वाद शेताच्या बांधाचा नव्हता की दागिन्यांच्या वाटणीचा नव्हता. एका जुन्या यंत्राच्या पोटातील नखाएवढे काही तुकडे काढून त्यांच्या जागी नवे घालावेत की घालू नयेत, एवढाच प्रश्न होता. परंतु तेवढ्या प्रश्नाने दोघा सख्ख्या भावांचे बोलणे पंधरा दिवस बंद पडले होते, आणि परतीच्या प्रवासात आम्हांसही त्याने सुखाने झोपू दिले नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून देणे अवश्य आहे. १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघालेला गोंदिया जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग. दिवाळी उलटली की येथे गावोगाव मंडई भरते, दंडारी होतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेच्या कोंबड्यापर्यंत चालते. आमचे दिवंगत स्नेही या नाटकांस ध्वनिक्षेपक व भोंगे पुरवीत. पुढे त्यांनी घराच्या मागील खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून ध्वनिमुद्रणाची सोय केली. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतील स्टुडिओ संगणकाकडे वळून जुनी सामग्री विकावयास काढू लागले, तेव्हा तेथून सोळा चॅनेलचा एक विलायती कन्सोल व आठ पट्ट्यांचे टेपयंत्र आणविले. त्यावर त्यांनी आसपासच्या गावांतील कित्येक वृद्ध गायक-गायिकांचे आवाज मुद्रित केले. त्यांपैकी आज बहुतेक हयात नाहीत. आठ पट्ट्यांवर आठ आवाज निरनिराळे नोंदलेले असतात. ते योग्य प्रमाणात एकत्र करून ऐकण्याजोगे गाणे सिद्ध करावयाचे, ते काम कन्सोलवर होते. हे शेवटले काम बरेचसे राहून गेले, आणि स्नेही गेले.

कन्सोल म्हणजे बाजारात ज्याला नुसते 'मिक्सर' म्हणतात त्याचाच थोरला भाऊ. मायक्रोफोनमधून येणारा संदेश अतिशय क्षीण, व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या आसपासचा असतो. तो वाढवावयाचा, त्यातील खर्ज व टीप कमीअधिक करावयाची, आणि मग सर्व चॅनेलांचे प्रवाह एका ठिकाणी मिळवावयाचे, असा एकंदर व्यवहार. वाढविण्याचे काम करतात ते आयसी. आणि एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्याकडे संदेश जाऊ देऊन स्थिर व्होल्टेज मात्र अडवून धरण्याचे काम करतात ते कपॅसिटर. सोळाही चॅनेल एकत्र आले की प्रत्येकाची बारीक सुरसुर साचते. चॅनेलांची संख्या दुप्पट झाली की ती तीन डेसिबलने वाढते. अर्थात सोळांची मिळून एकापेक्षा बारा डेसिबलने अधिक. एकट्याचा जो दोष कानास जाणवतही नाही तो समुदायात एवढा मोठा होतो, हे सार्वजनिक कार्याचा अनुभव असलेल्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

धाकट्याचे म्हणणे असे. कन्सोल घरघरतो, सुरसुरतो. गिऱ्हाईक येते, कानाला हेडफोन लावते आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवाल्याकडे जाते. सगळे कपॅसिटर बदलावेत, टीएल०७२ हे जुने आयसी काढून एनई५५३२ घालावेत, वीजपुरवठा व अर्थिंग नव्याने करावे, म्हणजे यंत्र पुन्हा उभे राहील. यास एका हंगामाची निम्मी कमाई लागेल, ती लावावी. थोरल्याचे म्हणणे असे. ज्या आवाजात बाबांनी या माणसांना ऐकले तो आवाज याच तुकड्यांचा आहे. ते बदलून मग फिती वाजविल्या तर निघेल ते गाणे बाबांचे राहील काय? "काका, देवघरातला देव झिजला म्हणून कोणी बाजारातून नवा आणतो का?" असे तो आम्हांस म्हणाला. उपमा चांगली होती. इतकी चांगली, की तिच्या भरात जवळजवळ निकाल देऊन टाकणार होतो.

आमच्या भाषेने या प्रकरणी आम्हांस फारशी मदत केली नाही. बिघडलेले पूर्ववत् करणे ती दुरुस्ती, आणि होते त्याहून बरे करणे ती सुधारणा, असा भेद आम्ही लहानपणापासून धरून चाललो आहोत. परंतु राज्यघटनेत बदल करावयाचा झाला की आम्ही 'घटनादुरुस्ती' म्हणतो, जणू काही घटना मोडली होती! त्या दुरुस्तीस मर्यादा कोणती, हे ठरविण्यास १९७३ मध्ये केशवानंद भारती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे तेरा न्यायाधीश बसले, आणि मूलभूत चौकट बदलता येणार नाही हा निर्णय सात विरुद्ध सहा अशा मतांनी झाला. एवढ्या थोर मंडळींत जेथे एका मताचा फरक, तेथे गोंदियाच्या मागल्या खोलीत एकमत कोठून व्हावे?

यंत्रापुरते पाहू गेल्यास हा भेद मुळातच टिकत नाही. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांच्या गुंडाळीत ओले रसायन असते. ते वर्षानुवर्षे सुकत जाते, आणि उष्णता वाढली की अधिक झपाट्याने सुकते; दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे, असा कारागिरांचा सर्वसाधारण हिशेब आहे. पूर्व विदर्भातला वैशाख ज्यांनी पत्र्याच्या छपराखाली काढला आहे त्यांस यातील मर्म कळेल. तेव्हा थोरला ज्याला 'जसे आहे तसे' म्हणतो ते अस्तित्वातच नाही. त्याच्या वडिलांनी ऐकलेला कन्सोल रोज थोडा थोडा नाहीसा होत आहे. हात न लावणे हाही त्यात बदल करण्याचाच एक प्रकार, फक्त तो कोणाच्या नावावर मांडता येत नाही इतकेच. जपणुकीच्या नावाखाली केलेली उपेक्षा आम्ही अनेक घरांत व अनेक संस्थांत पाहिली आहे, आणि ती करणारांच्या चेहऱ्यावर कर्तव्य केल्याचे समाधानही पाहिले आहे.

मिलिंद राजास भिक्षू नागसेनाने विचारले होते, चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय. आणि एकेक अवयव वगळत 'रथ' हे केवळ व्यवहाराचे नाव ठरविले होते. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने ते उत्तर निर्दोष असेल. परंतु रथ ज्याच्या वडिलांचा आहे त्याचे त्याने समाधान होत नाही. आम्हांस मिरजेच्या तंबोऱ्याचा दाखला अधिक जवळचा वाटतो. तेथील सतारी व तंबोरे यांस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याच्या घोडीवर तारा सतत घासून तिचा पृष्ठभाग झिजतो आणि आवाज बसतो. मग कारागीर जवारी काढतो, म्हणजे तो पृष्ठभाग पुन्हा घासून तारेला योग्य तो उतार देतो. दर वेळी घोडीचा थोडा अंश कायमचा जातो, आणि दर वेळी निघणारा स्वर मागल्यासारखा असला तरी मागला नसतो. जवारी काढू नका, घोडी पवित्र आहे, असे कोणी गवई म्हणत नाही. मात्र चांगला कारागीर कानस उचलण्यापूर्वी विचारतो : गाणार कोण, पट्टी कोणती, जवारी खुली हवी की बंद?

धाकट्याने हे विचारले नव्हते. नव्या आयसीची सुरसुर कमी, हे त्याने कागदावर वाचले होते, आणि ते खोटेही नाही. त्या कागदावर टीएल०७२ चा आकडा १८ आणि एनई५५३२ चा ५, असा सरळ सरळ विजय दिसतो. परंतु हा आकडा व्होल्टेजच्या सुरसुरीचा. विद्युत्प्रवाहाची सुरसुर नव्यात अधिक असते. म्हणून ज्या जागी विरोध मोठा आहे तेथे नवा आयसी जुन्याहून वाईट वागू शकतो. शिवाय नव्यास वीज सुमारे तिप्पट लागते. सोळा चॅनेलांत ते भरले की जुना वीजपुरवठा तापू लागणार, आणि त्या उष्णतेने शेजारचे कपॅसिटर अधिकच लवकर सुकणार. एकाच्या उत्कर्षासाठी शेजाऱ्याचा जीव, हा प्रकार सुधारणेच्या इतिहासात नवा नाही.

केवळ आकड्यांवर विसंबणे किती धोक्याचे आहे याची एक गोष्ट विलायतेत प्रसिद्ध आहे. रूपर्ट नीव्ह हे कन्सोल बांधणारांतील अग्रगण्य नाव. त्यांनी लंडनच्या एअर स्टुडिओसाठी बांधलेल्या एका कन्सोलमधील काही चॅनेल निराळे ऐकू येतात अशी तक्रार जेफ एमरिक यांनी केली. हे गृहस्थ बीटल्सच्या ध्वनिमुद्रणामुळे ख्यातनाम झालेले. मोजमापात प्रथम काही सापडेना. अखेरीस त्या चॅनेलांतील ट्रान्सफॉर्मरची जोडणी अपुरी राहिल्याचे आढळले, आणि तिचा परिणाम काय, तर सुमारे ५४ किलोहर्ट्झला तीन डेसिबलचा उठाव! माणसाचा कान २० किलोहर्ट्झपलीकडे ऐकत नाही असे पुस्तक सांगते. नीव्ह यांचा मोठेपणा असा, की त्यांनी तक्रार करणारास पुस्तक दाखविले नाही. ती गोष्ट पुढे ते स्वतःच सांगत असत.

उलट बाजूनेही सावध राहावयास हवे, कारण सवयीला आपण फार लवकर गुण म्हणू लागतो; आणि दोष ठरविण्यातही अशीच घाई होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी सदोष ठरवून आपल्या दारातून घालवून दिली. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. मधल्या तीस वर्षांत कीर्तने, भजने आणि झाडीपट्टीची नाटके त्या 'सदोष' वाद्यावर बिनदिक्कत चालली होती. दोष कोणता व स्वभाव कोणता हे ठरविण्यास कान हवा, आणि वेळही हवा. आम्हांस वाटते, यंत्र उघडणे हीच मुळी पापबुद्धी असा जो समज असतो तो तर महाराष्ट्राने धरण्याचे काहीच कारण नाही. १९१६ साली बंधू आनंदराव वारल्यानंतर बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून देशी कॅमेरा पुरा केला. आणि तेच दामले पुढे प्रभातमध्ये ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापाशी बसले, जेथे १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' बोलता झाला. यंत्राचे झाकण उघडण्याचे भय त्यांनी बाळगले असते तर आपण आज कशाचे जतन करावे म्हणून भांडलो असतो?

झाकणाचा विषय निघाला म्हणून आम्ही सुचविले, की आधी ते उघडून तरी पाहावे. थोरल्याने नाखुशीने होकार दिला. दोघांनी मिळून कन्सोलचे तळपत्र काढले, आणि जे दिसले त्याने दोघेही गप्प झाले. आठ चॅनेलांतील आयसी आधीच बदललेले होते. सोल्डरचे डाग थोडे जाडसर, पण नीटनेटके, स्नेह्यांच्या हाताचे. तळपत्राच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने तारखा होत्या, कोणत्या चॅनेलात काय काढले व काय घातले याची नोंद होती, आणि शेवटी एक ओळ : "९ व १० परत जुने घातले. पेटीला तेच बरे."

म्हणजे थोरला ज्या आवाजाला मूळ समजून जपत होता तो त्याच्या वडिलांनी केलेला बदल होता. आणि धाकटा जो बदल हिरिरीने मांडत होता तो वडिलांनी करून, ऐकून, दोन ठिकाणी मागे घेतलेला होता. आम्ही पंच म्हणून जे बोलणार होतो ते बरेचसे त्या एका पेन्सिलीच्या ओळीत आटोपले होते. तरी आम्ही एक सांगितले ते असे, की बाबांची निष्ठा त्या आयसीवर नव्हती, ऐकण्यावर होती. आणि मागून येणारास कळावे म्हणून त्यांनी लिहून ठेवले, ही त्यांची दुसरी निष्ठा. थोरल्यास हे पटले असे त्याच्या मुद्रेवरून वाटले नाही. "ते बाबा होते," एवढेच तो म्हणाला. वारसाला तोच अधिकार पोचतो काय, हा त्याचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते, आजही नाही. पूर्वजाचा निर्णय पाळणे सोपे, त्याची निर्णय घेण्याची रीत पाळणे अवघड, कारण त्या रीतीत चुकण्याची जबाबदारीही वारशाने येते.

चर्चेअंती वीजपुरवठ्यापासून आरंभ करावा एवढ्यावर दोघे आले. तेथील मोठे कपॅसिटर धाकट्याने बदलले आणि १०० हर्ट्झची ती जुनी घरघर एका दुपारी नाहीशी झाली. त्यांच्या मातोश्री स्वयंपाकघरातून बाहेर येऊन म्हणाल्या, "का रे, बंद केलं का मशीन?" यंत्र चालू होते. थोरला बराच वेळ खुर्चीवर बसून राहिला. मग त्याने एक फीत लावली, नाकाशी पदर धरून गाणाऱ्या कोणा म्हातारीची, आणि तिच्या दोन ओळींमधील श्वास आम्हां सर्वांस प्रथमच ऐकू आला.

परवा धाकट्याचे पत्र आले. काढलेला प्रत्येक तुकडा तो चॅनेलाचा आकडा लिहून वडिलांच्या पानाच्या डब्यात ठेवतो; पेन्सिलीच्या नोंदीखाली आता थोरल्याच्या अक्षरात नव्या तारखा आहेत. नऊ व दहा या चॅनेलांत जुनेच आयसी आहेत. सोळाव्याबद्दल अद्याप एकमत झालेले नाही.